पांढरी रेव: पेन्साकोला बीचवर चार दिवस

गुरुवार

आईला अटलांटात येऊन पाच आठवडे झाले होते आणि तिने अजून समुद्र पाहिला नव्हता. देवबागच्या बाईसाठी हे म्हणजे पाच आठवडे भात न मिळण्यासारखंच. ज्यांनी देवबाग पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेलं की जमीन निमुळती होत जाते. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्लीची खाडी, मधे माड आणि घरं, आणि टोकाला संगम. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसायची, पुढच्या दारातून समुद्राचा आवाज यायचा. अटलांटात आमच्या सोसायटीत एक कृत्रिम तळं आहे. ते पाहून आई म्हणाली होती, "बरा आसा. बदकांका बरा."

म्हणून मे महिन्यातला एक लांब शनिवार-रविवार काढला. सकाळी सहाला निघालो. आईने चारला उठून आंबोळ्या केल्या होत्या, त्यामुळे नवऱ्याचा वाटेत बर्गर खाण्याचा बेत गाडी सुरू व्हायच्या आधीच रद्द झाला.

रस्ता सरळ आहे आणि कंटाळवाणाही. जॉर्जिया संपून अलाबामा सुरू होतं तिथे महामार्ग चॅटाहूची नदी ओलांडतो आणि घड्याळ एक तास मागे जातं. ही नदी आमच्या घरापासून दहा मिनिटांवरून वाहते. लेकीने मागच्याच महिन्यात शाळेत हिच्यावर प्रकल्प केला होता. तिने आजीला सांगितलं, की ही नदी उत्तरेच्या डोंगरात उगवते, खाली फ्लिंट नदीला मिळते, मग तिचं नाव अपालाचिकोला होतं आणि ती मेक्सिकोच्या आखातात जाते. आपण ज्या बेटावर चाललोय तिथली वाळू असल्याच नद्यांनी अपालाचियन डोंगरातून हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेली आहे, आणि मग लाटांनी ती किनाऱ्या-किनाऱ्याने पश्चिमेकडे ढकलत नेली. आईने खिडकीतून पाहिलं, पण तेवढ्यात पूल संपलाही होता.

माँटगोमेरी, मग तासन्‌तास पाइनची झाडं, मग फ्लोमॅटन नावाचं एक गाव, आणि दुपारी एकदाचं पेन्साकोला. इथून पुढे दोन पूल. पहिला उपसागरावरचा, तीन मैलांचा. २०२० साली सॅली वादळात बांधकामाचे तराफे दोर तुटून सुटले आणि या पुलावर आदळले. पूल कित्येक महिने बंद होता. मग गल्फ ब्रीझ नावाचं गाव, आणि दुसरा, टोलचा पूल, जो बेटावर उतरतो. बेटाचं नाव सांता रोझा. लांबी सुमारे चाळीस मैल, रुंदी बहुतेक ठिकाणी अर्ध्या मैलाहूनही कमी. किनाऱ्याच्या पुढ्यात आडवी टाकलेली वाळूची उशी म्हणा. आखाताच्या लाटा तिच्यावर आपटतात, मागच्या खाडीत पाणी शांत. इंग्रजीत याला बॅरियर आयलंड म्हणतात. आईला मी म्हटलं, "देवबाग कापून वेगळं केलं आणि चाळीस मैल ताणलं तर असं होईल."

ती काही बोलली नाही. गाडीतून उतरली, चपला काढल्या आणि वाळूत पाय ठेवला. मग दुसरा. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन रणरणत होतं, आणि ती उभीच.

"भाजत नाय गो!"

खरोखरच भाजत नाही. ही वाळू जवळजवळ शुद्ध स्फटिकाची आहे, काचेच्या बारीक रव्यासारखी. पांढरी असल्यामुळे ऊन परतवून लावते. पाय घासत चाललं की खालून कर्रर्र-कुर्र असा आवाज येतो, स्टार्चच्या पिठात बोटं घातल्यासारखा. पाण्याचा रंग हिरवट निळा. फोटोत हे सगळं खोटं वाटतं, म्हणून मी फार काढले नाहीत. आईने मात्र व्हॉट्सॲपवर मामाला व्हिडिओ लावला. मामा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ता काय बर्फ पडला काय?"

संध्याकाळी आईने पाण्याच्या काठाला एक काटकी रोवली. का, ते विचारलं तर म्हणाली, सकाळी बघ.

शुक्रवार

काटकी जवळजवळ तिथेच होती. पाणी तिच्यापासून दोन-चार पावलं इकडे-तिकडे, बस्स.

"ह्या समुद्राक सुकती-भरती नाय?"

आहे, पण इथे ती दिवसातून दोनदा नव्हे, एकदाच येते, आणि चढउतार जेमतेम दीड फुटाचा. आमच्याकडे मोठ्या ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की बायका कालवं फोडायला खडकांवर जातात. आईचं सगळं आयुष्य तिथीवरून पाण्याची वेळ काढण्यात गेलं आहे. पौर्णिमा-अमावास्येला किती वाजता भरती हे ती झोपेतही सांगेल. इथे ते गणित लागू पडेना, म्हणून ती सकाळभर जरा रुसलेली होती.

त्यात समुद्रात उतरायची बंदी. किनाऱ्यावरच्या खांबांवर दोन-दोन लाल बावटे फडकत होते. इथे हिरवा, पिवळा, लाल असे बावटे लावतात. दोन लाल म्हणजे पाणी पूर्ण बंद, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे अंगाला झोंबणारे जीव. बावटा हा शब्द ऐकताच आईचा चेहरा खुलला. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर जायच्या नाहीत, हे ती लहानपणापासून जाणते. लेकीची समजूत मात्र पटेना. आभाळ निळं, लाटा बेताच्या, मग का नाही जायचं? आईने तिला वाळूच्या टेकडीवरच्या लाकडी पुलावर उभं केलं आणि बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटत होत्या. मधे घरातल्या एखाद्या खोलीएवढ्या रुंदीचा एक पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी गढूळ आणि सपाट, वरून अगदी शहाण्यासारखं.

"लोकांका वाटता थय पाणी शांत आसा. थयच ओढ. समुद्रान आत ओतलेला पाणी परत जाता ती वाट ती."

किनाऱ्याला वाळूचा आडवा बांध असतो, तो जिथे फुटतो तिथून पाणी परत फिरतं. सुरक्षारक्षकांच्या फलकावर हेच चित्र काढून समजावलेलं होतं. फलक मी नंतर वाचला.

पाणी बंद, म्हणून पिकन्स किल्ल्याकडे निघालो. बेटाच्या पश्चिम टोकाला तो आहे आणि तिथपर्यंतचा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यानात येतो. वस्ती एकदम संपते. एका बाजूला आखात, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे एकच रस्ता, तोही कधी-कधी वाळूखाली जाणारा. २००४च्या आयव्हन आणि २००५च्या डेनिस वादळांनी तो असा उखडला, की २००९पर्यंत किल्ल्याकडे गाडीने जाता येत नव्हतं. वादळात समुद्र बेटावरून पलीकडे खाडीत उतरतो आणि जाताना पुढची वाळू मागे टाकतो. म्हणजे बेट वाहून जात नाही, ते कूस बदलतं. रस्त्याला कूस बदलता येत नाही. त्याचे काळे तुकडे अजून पांढऱ्या वाळूत सापडतात.

मे महिन्यात वाळूवर कुररी पक्ष्यांची अंडी असतात, म्हणून गाडी ताशी वीस मैलांनीच चालवायची. अंडी म्हणजे उघड्या वाळूवर ठेवलेले ठिपक्याठिपक्यांचे खडे, घरटं असं काही नाहीच. एवढ्या काळजीने चाललेल्या आमच्या गाडीचं मग व्हायचं तेच झालं. पक्षी नसलेली एक सपाट जागा दिसली, तिथे खाडीचा फोटो काढायला नवऱ्याने कडेला घेतली आणि पुढची दोन्ही चाकं भसकन आत गेली. नवरा पुण्याचा. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी आत.

"जावयबापू, रेस करू नका!" आई मागून ओरडली. प्रमाण भाषेत. म्हणजे परिस्थिती गंभीर.

मग पुढचा अर्धा तास सूत्रं तिच्या हातात. देवबागात किनाऱ्यावर गाडी घालणारे पर्यटक दर सुट्टीत रुततात आणि त्यांना काढणं हा आमच्या गावचा जोडधंदाच आहे. आधी चाकांतली हवा थोडी सोडायला लावली. मग हातांनी चाकांपुढची वाळू उकरली, उतार केला. तिकडे चाकांखाली माडाचे झाप घालतात. झाप नव्हते, म्हणून गाडीतली चारही पायपुसणी. "हळू. पयलो गियर. स्टेरिंग सरळ." आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, पण कोणी काही बोललं नाही. गाडी हातभर पुढे आली आणि परत बसली. तेवढ्यात एक पिकअपवाले आजोबा थांबले. त्यांनी पट्टा बांधला, दोन मिनिटांत गाडी रस्त्यावर. ते जाताना आईला टोपी उचलून म्हणाले, की खणायचं काम झालेलंच होतं, मी नुसतं ओढलं. एक पायपुसणं फाटलं. नवरा ते अजून विसरलेला नाही.

किल्ला पाहून आईचं पहिलं वाक्य: "हो विटांचो?" सिंधुदुर्ग पाहून वाढलेल्या माणसाला विटांचा किल्ला म्हणजे पोरखेळ वाटतो. पण या किल्ल्याला दोन कोटींहून अधिक विटा लागल्या. १८२९ ते १८३४ या काळात तो बांधला, आणि बांधणारे हात बहुतेक गुलामांचे. आपल्या किल्ल्याला कुरटे बेटाचा खडक मिळाला. इथे खाली नुसती वाळू. म्हणून भिंतींच्या पायात उलट्या कमानी घातल्या आहेत, पोट खाली आणि टोकं वर, म्हणजे वजन एका जागी न बसता पसरावं. आई तिथे उकिडवी बसून बराच वेळ विटा चाचपत राहिली. "परातीसारख्या," ती म्हणाली. मला त्या कमानींचं याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही. एक बुरूज मात्र अर्धा गायब आहे. १८९९मध्ये आग लागून दारूगोळा उडाला.

अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा लढवय्या जेरोनिमो इथेच कैदेत होता. १८८६मध्ये शरण आल्यावर त्याला आणि त्याच्या अपाची साथीदारांना आगगाडीने वाळवंटातून या वाळूवर आणलं. बायकापोरं दुसऱ्या किल्ल्यात, शेकडो मैलांवर. पेन्साकोलाच्या प्रतिष्ठितांनीच सरकारकडे मागणी केली होती, की त्याला आमच्याकडे ठेवा, लोक बघायला येतील. आणि आले लोक, बोटी भरभरून. पुढच्या वर्षी कुटुंबांना इकडे आणलं. त्याची एक बायको इथेच वारली. १८८८मध्ये या सगळ्यांना पुढे अलाबामात हलवलं. त्या खोल्यांत उभं राहिलं की खिडकीतून तोच हिरवा-निळा समुद्र दिसतो. लेकीने विचारलं, त्यांना पोहायला सोडत होते का? मला उत्तर देता आलं नाही.

शनिवार

पिवळा बावटा! सकाळी सातलाच पाण्यात. आईने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता. कमरेएवढ्या पाण्यात पायाची बोटं स्पष्ट दिसतात, नखं मोजता येतात. दुपारपर्यंत तिचा आणि या समुद्राचा समझोता झाला. त्याचं श्रेय चिमुकल्या शिंपल्यांना. लाट मागे गेली की ओल्या वाळूत नखाएवढे रंगीत शिंपले क्षणभर उघडे पडतात आणि लगेच उभे होऊन आत घुसतात, पुढची लाट येईपर्यंत गुडूप. जांभळे, पिवळे, गुलाबी, दोन सारखे नाहीत. त्यांना इथे कोकिना म्हणतात. आई म्हणाली, "तिसऱ्यांची पोरां." ओंजळीत घेऊन बघितले आणि परत सोडले. एवढ्याशांचं सुकं होणार तरी कसं, असा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता.

दुपारी पर्डिडो की. हे शेजारचं दुसरं वाळूचं बेट, पण इकडून तिकडे जायला परत दोन्ही पूल ओलांडून, शहरातून मोठा वळसा. तिथल्या जॉन्सन बीचची वाळू तितकीच पांढरी. १९५०च्या दशकात पेन्साकोला बीचवर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, त्यांच्यासाठी हा किनारा. रोझमंड जॉन्सन हा इथला मुलगा पंधराव्या वर्षी सैन्यात शिरला. २६ जुलै १९५० रोजी कोरियात त्याने दोन जखमींना उचलून सुरक्षित जागी आणलं, तिसऱ्यासाठी परत गेला आणि मारला गेला. वय सतरा. ज्याला एका बेटाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिलं नसतं, त्याचं नाव शेजारच्या बेटाच्या किनाऱ्याला आहे. स्मारकाशी आम्ही चौघंच होतो. बाकी सगळे पाण्यात.

पुढे राज्याच्या सीमेवर एक प्रसिद्ध बार आहे, फ्लोरा-बामा. दर एप्रिलच्या अखेरीस तिथे लोक मेलेले मासे फ्लोरिडातून अलाबामात फेकतात, कोणाचा लांब जातो ते बघायला. मासा कुठला? मलेट, म्हणजे आपली बोय. आईला हे सांगून मी चूक केली. "बोय? फेकतत? खावक नको?"

तिच्या समाधानासाठी परतताना पेन्साकोलात जो पॅटीच्या मासळीबाजारात थांबलो. बर्फावर तांबोशी, कोळंबी, सुरमईची भावंडं, आणि एका कोपऱ्यात बोय, इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. देशात बऱ्याच ठिकाणी हिला गळाला लावायचं आमिष समजतात. इथले जुने लोक मात्र ती मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आईने कल्ले उचलून लाल आहेत का ते पाहिलं, पोट दाबलं, दोन नाकारल्या. काउंटरवरचा मुलगा शांतपणे बघत होता, बहुधा त्याचीही आजी अशीच असणार. रात्री भाड्याच्या घरात बोयीचं तिखलं झालं. तिरफळं आई मालवणहून आणते, पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी.

वासाने की काय, शेजारच्या गच्चीतल्या बाई बोलायला आल्या. इथे सगळी नवी घरं उंच खांबांवर उभी आहेत. खाली गाड्या, आणि तळमजल्याच्या भिंती मुद्दाम अशा, की पाणी आलं तर त्या पडाव्यात आणि घर राहावं. बाईंचं जुनं घर १९९५च्या ओपल वादळात तगलं, आयव्हनमध्ये गेलं. त्याच जागी हे बांधलं. जमीन त्यांची नाहीच. १९४७मध्ये केंद्र सरकारने हे बेट काउंटीला दिलं ते विकायचं नाही या अटीवर, त्यामुळे इथली घरं सगळी भाडेपट्ट्यावर, बहुतेक नव्याण्णव वर्षांच्या. मी भाषांतर केल्यावर आई हसायला लागली. "समुद्राकडसून पण पट्टो लिवन घेतलो काय?" हे मी बाईंना सांगितलं नाही. पण त्यांनी विचारलं, आणि मग सांगितलं, आणि त्या आईपेक्षा जास्त हसल्या.

तीनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनीही या बेटावर वस्ती केली होती. १७२२ ते १७५२. नोव्हेंबरात वादळ आलं, सगळं गेलं, ते उपसागरापलीकडे जाऊन राहिले आणि परत आले नाहीत. बाईंना हे माहीत होतं. "त्यांच्याकडे विमा नव्हता," त्या म्हणाल्या.

रविवार

जाण्याआधी किनाऱ्यावर एक फेरी. उडत्या तबकडीसारखं गोल घर दुरून पाहिलं, साठच्या दशकात फिन्लंडच्या मॅटी सुरोनेन यांनी रचलेला हा नमुना. सरळ भिंतींची घरं गेली, हे गोल अजून शाबूत. आईला ते तुळशीवृंदावनावर ठेवलेल्या पातेल्यासारखं वाटलं.

वाळूत एक काळा गोळा दिसला. लेक उचलायला वाकली तर आईने हात धरला. "डांबर." पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यांवरही हे गोळे येतात, पायाला लागले तर रॉकेलशिवाय निघत नाहीत. २०१० साली आखातात तेलविहीर खणणाऱ्या डीपवॉटर होरायझन या फलाटावर स्फोट झाला आणि जूनमध्ये याच पांढऱ्या वाळूवर तपकिरी तवंग येऊन बसला. हा गोळा तेव्हाचा की कुठल्या जहाजाचा, कोण सांगणार. कदाचित रस्त्याचा तुकडाही असेल.

टेकड्यांवर सी ओट्सचं गवत वाऱ्यावर डोलत होतं. ते तोडणं इथे गुन्हा आहे, कारण त्याच्या मुळांनीच वाळू धरून ठेवली आहे. देवबागात आता समुद्राच्या बाजूला दगडांचा बंधारा आहे. वडील गेले तेव्हा तो अर्धाच झाला होता. आईने गवताला हात न लावता बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, की याचं बी मिळतं का.

परतीच्या वाटेवर ती झोपली. अलाबामा संपत आलं तसं लेकीने तिला हलवून उठवलं, कारण नदी परत येत होती. या वेळी नवऱ्याने पुलाआधीच वेग कमी केला. आदल्या दिवशी वरच्या भागात पाऊस झाला असावा. पाणी जॉर्जियाच्या मातीने तांबडंलाल, आपल्या कोकणातल्या पऱ्ह्यासारखं.

"ह्याच ती नदी? ह्या तांबड्या पाण्यातसून ती पांढरी रेव?"

लेकीने समजावलं, की माती विरघळून जाते, दगड झिजतो, स्फटिक तेवढा उरतो. त्याला फार फार वर्षं लागतात. आईने मान डोलावली.

"आणि वरती तुमचा ता मोठा तळा आसा मां, लेनियर?"

"हो. ब्यूफर्ड धरणाचं."

"मगे आता रेव खयसून येतली?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. प्रकल्पात हा प्रश्न नव्हता. गाडीतलं घड्याळ आपोआप एक तास पुढे सरकलं, आणि नवरा म्हणाला, की पुढच्या पंपावर थांबून गाडीतली वाळू काढू या.